जॉनी हॉजेस यांची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉनी हॉजेस कोण होते?

जॉन कॉर्नेलियस हॉजेस (२५ जुलै १९०७ – ११ मे १९७०) हे अमेरिकन जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील अल्टो सॅक्सोफोनवादक होते (सोप्रानो, अल्टो, टेनर आणि बॅरिटोन या सॅक्सोफोनच्या जाती, उंच आवाजाकडून खर्जाकडे जाणाऱ्या). १९२८ साली ते त्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि १९५१ ते १९५५ हा मधला काळ सोडला, तर मृत्यूपर्यंत तिथेच राहिले. दोन्ही पर्व मिळून ही जवळजवळ अडतीस वर्षे होतात. त्यांनी नवी शैली स्थापन केल्याचा दावा कधी केला नाही, मुलाखती मोजक्याच दिल्या आणि श्रोत्यांना उद्देशून ते फारसे बोललेही नाहीत. तरीही त्यांच्या सॅक्सोफोनचे दोन स्वर कानी पडले की वाजवणारा कोण, हे जाणकाराला सांगावे लागत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते बिग बँड, म्हणजे मोठ्या नृत्य-वाद्यवृंदांच्या, युगाने घडवलेला सर्वांत सुंदर वैयक्तिक आवाज तो हाच.

त्यांचे बालपण कुठे गेले?

त्यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे झाला आणि ते बॉस्टन शहरात वाढले. आई पियानो वाजवीत असे. मुलानेही आधी ढोल आणि पियानोवर हात चालवून पाहिला आणि मग तो सॅक्सोफोनकडे वळला. त्यांच्या वस्तीतच हॅरी कार्नी नावाचा दुसरा एक मुलगा राहत होता. हे कार्नी पुढे एलिंग्टन यांच्याकडे बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवू लागले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तिथे टिकले. एकाच मोहल्ल्यातली दोन मुले जगातल्या सर्वांत नामांकित सॅक्सोफोन विभागाचा वरचा आणि तळचा आवाज व्हावीत, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

त्यांचे गुरू कोण होते?

रूढ अर्थाने गुरू असा कोणी नव्हता. हॉजेस बव्हंशी स्वतःच शिकले. मात्र ज्यांचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले असे नाव एकच आहे, ते म्हणजे न्यू ऑर्लीन्सचे सिडनी बेशे. बेशे क्लॅरिनेट आणि सोप्रानो सॅक्सोफोन वाजवीत. त्यांचा स्वर भरदार, थरथरता आणि श्रोत्याला धरून ठेवणारा होता. ते बॉस्टनला आले असताना हॉजेस यांची बहीण आपल्या किशोरवयीन भावाला त्यांच्या भेटीस घेऊन गेली. मुलाने कापडात गुंडाळून आणलेला सोप्रानो बाहेर काढला आणि वाजवून दाखवला. पुढे न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत बेशे यांनी स्वतःचा क्लब चालवला, तेव्हा तरुण हॉजेस यांना त्यांच्या शेजारी उभे राहून वाजवण्याची संधी मिळाली. एखादी लांब चाल श्वासाच्या जोरावर कशी पेलायची आणि स्वराच्या मध्यात तो कसा फुलवायचा, हे त्यांनी तिथे जवळून ऐकले.

ते एलिंग्टन यांच्याकडे कसे आले?

१९२७ च्या डिसेंबरात एलिंग्टन यांचा वाद्यवृंद हार्लेममधील कॉटन क्लबमध्ये रुजू झाला. या क्लबात वादक आणि नर्तक कृष्णवर्णीय असत, पण प्रेक्षक म्हणून प्रवेश गोऱ्यांनाच मिळे. तिथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांमुळे एलिंग्टन यांचे नाव देशभर पोहोचले. १९२८ च्या मे महिन्यात त्यांचे अल्टोवादक ऑटो हार्डविक गैरहजर राहू लागले, तेव्हा क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्ड यांनी हॉजेस यांचे नाव सुचवले. हॉजेस तोवर ढोलवादक चिक वेब यांच्यासारख्या नेत्यांकडे वाजवून न्यूयॉर्कमधील वादकांच्या वर्तुळात परिचित झाले होते. त्यांचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते.

बिग बँड म्हणजे नेमके काय, आणि त्यात अल्टो सॅक्सोफोनचे काम काय असे?

साधारण १९३५ ते १९४६ या काळात अमेरिकेतील लोकप्रिय संगीत म्हणजे मोठ्या नृत्य-वाद्यवृंदांचे संगीत होते. एलिंग्टन यांचा १९४० चा संच उदाहरणादाखल घेता येईल. त्यात तीन ट्रम्पेट-कॉर्नेट, तीन ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन-क्लॅरिनेटवादक आणि पियानो, गिटार, बास, ढोल असे चौघे मिळून पंधरा जण होते. सॅक्सोफोनचा विभाग हा अशा वाद्यवृंदाचा श्वास असतो. पाच जणांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर धरायचे, पण ऐकणाऱ्याला एकच रुंद आवाज ऐकू यायला हवा. त्यांतला पुढचा अल्टोवादक चाल उचलतो, ती कुठे रेंगाळवायची आणि कुठे तोडायची हे ठरवतो, आणि बाकीचे चौघे त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतात.

एलिंग्टन यांचे वेगळेपण असे की ते अनामिक वादकासाठी लिहीत नसत. इतर संचांत स्वरलिपीवर ‘पहिला अल्टो’ असे लिहिलेले असे, तर एलिंग्टन यांच्या हस्तलिखितांत माणसांची नावे असत. कोणत्या स्वरावर हॉजेस यांचा आवाज कसा उजळतो आणि त्याच्या खाली कार्नी यांचा बॅरिटोन ठेवला तर काय होते, हे त्यांना रोजच्या सहवासातून ठाऊक झाले होते. म्हणूनच हॉजेस यांची कारकीर्द एलिंग्टन यांच्या रचनांपासून वेगळी काढून पाहता येत नाही, आणि १९२८ नंतरच्या एलिंग्टन यांच्या रचनाही हॉजेस यांना वगळून पुरत्या समजत नाहीत.

त्यांच्या वादनात एवढे वेगळे काय होते?

सॅक्सोफोनला चाव्या असतात आणि प्रत्येक चावीचा स्वर जवळपास ठरलेला असतो. ट्रॉम्बोनची नळी सरकवावी किंवा सारंगीच्या तारेवर नख घसरवावे तसे या वाद्यात सहजपणे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाता येत नाही. हॉजेस यांनी मात्र ओठांचा दाब, घशाची ठेवण आणि चाव्या अतिशय सावकाश सोडण्याची पद्धत यांच्या मेळातून या वाद्यावर अखंड घसरण साधली. आपल्याकडच्या वाचकांना ती मींड या शब्दाने चटकन कळेल, अर्थात या दोन परंपरांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. ते बहुधा स्वराच्या खालून सुरुवात करीत आणि वर चढत. इच्छित स्वर गाठायला ते इतका वेळ घेत की ऐकणारा आतुर होई, आणि स्वर लागला की तो काठोकाठ भरलेला असे.

दुसरी गोष्ट काटकसरीची. ते अनावश्यक स्वर वाजवीत नसत. संथ प्रेमगीतात ते मूळ चालीच्या अगदी जवळ राहत, केवळ तिच्या कडा मऊ करीत आणि ठेक्याच्या किंचित मागून येत. बारा मात्राखंडांचा ब्लूज हा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा गीतप्रकार आला की मात्र हाच माणूस आखूड, टोकदार, झुलत्या वाक्यांत बोलू लागे आणि नाचणाऱ्यांचे पाय थांबू देत नसे. पुष्कळांना त्यांची ओळख संथ गीतांमुळे असते, पण या लेखकाला मध्यम लयीतल्या ब्लूजमधले हॉजेस अधिक अस्सल वाटतात, कारण तिथे गोडवा आणि रांगडेपणा एकाच श्वासात येतात.

ते सोप्रानोही वाजवीत असत ना? मग ते बंद का झाले?

होय. १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रणांत त्यांचा सोप्रानो वारंवार ऐकू येतो आणि त्यात बेशे यांची छाया स्पष्ट जाणवते. १९४० च्या सुमारास त्यांनी ते वाद्य बाजूला ठेवले आणि पुढे आयुष्यभर अल्टोच वाजवला. विभागाचे नेतृत्व, एकल वादन आणि त्यावर आणखी एका वाद्याची निगा हा भार मोठा होता. शिवाय त्यांचा अल्टो एव्हाना स्वयंपूर्ण झाला होता.

स्वतःच्या नावाने त्यांनी ध्वनिमुद्रणे केली का?

केली, आणि तीही एलिंग्टन यांच्याकडे नोकरीत असतानाच. १९३७ पासून एलिंग्टन यांच्या प्रमुख वादकांच्या नावाने सात-आठ जणांच्या छोट्या संचांच्या तबकड्या निघू लागल्या. त्यांत पियानोवर बहुधा स्वतः एलिंग्टन किंवा पुढे त्यांचे सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न असत. १९३८ ची ‘जीप्स ब्लूज’ ही तबकडी खूप गाजली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि तेवढ्यात सुरुवात, विस्तार आणि शेवट बसवायचा असे. हॉजेस यांच्या काटकसरीला हे बंधन मानवले.

इतरांच्या संचांतही त्यांना मागणी होती. पियानोवादक टेडी विल्सन यांच्या १९३६ च्या ध्वनिमुद्रणांत गायिका बिली हॉलिडे यांच्या गाण्यामागे त्यांचा अल्टो ऐकू येतो, तर १९३७ साली व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन यांच्याबरोबर त्यांनी केलेले वादन आजही उदाहरण म्हणून ऐकवले जाते. १६ जानेवारी १९३८ रोजी गोरे क्लॅरिनेटवादक आणि संचनेते बेनी गुडमन यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जी सुप्रसिद्ध मैफल केली, तिच्यात हॉजेस, कार्नी आणि ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स हे एलिंग्टन यांचे तिघे पाहुणे म्हणून सहभागी झाले. कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एका मंचावर असणे त्या काळात सामान्य नव्हते. एलिंग्टन यांचा संच दक्षिणेच्या राज्यांत जाई, तेव्हा हॉटेलांत जागा नाकारली जाण्याचा अपमान टाळण्यासाठी त्यांनी रेल्वेचे स्वतंत्र डबेच भाड्याने घेतले होते, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे.

एलिंग्टन यांच्या चालींमध्ये हॉजेस यांचा वाटा किती?

हा प्रश्न नाजूक आहे, आणि तो टाळणे हॉजेस यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. एलिंग्टन यांची काम करण्याची रीत अशी होती की तालमीत किंवा मंचावर एखाद्या वादकाने सहज वाजवलेला तुकडा ते टिपून ठेवत, त्याला स्वरसंगतीची आणि रचनेची चौकट देत आणि त्यातून नवी कृती उभी राही. अनेकदा अशा तुकड्याचे हक्क वादकाकडून एकरकमी विकत घेतले जात. गीत पुढे लोकप्रिय झाले की स्वामित्वधनाचा ओघ मात्र श्रेयनामावलीत नाव असलेल्यांकडेच जाई.

१९४० साली वाद्यवृंदाने ‘नेव्हर नो लमेंट’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. १९४२ मध्ये तिला शब्द मिळाले आणि ‘डोन्ट गेट अराउंड मच एनिमोर’ या नावाने ती घरोघरी पोहोचली. या चालीचे बीज हॉजेस यांच्या वादनात होते, असे संचातल्या आणि संचाभोवतीच्या लोकांनी सांगितले आहे; श्रेयनामावलीत मात्र हॉजेस यांचे नाव नाही. १९४४ च्या ‘आय अॅम बिगिनिंग टू सी द लाइट’ या गीताच्या चार निर्मात्यांत ते आहे. अशी काही गीते वाजवताना ते मंचावरून एलिंग्टन यांच्याकडे पाहून बोटांनी नोटा मोजल्याची खूण करीत, ही आठवण त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितली आहे.

न्याय्य निवाडा करायचा तर दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. चार-आठ मात्राखंडांचा तुकडा आणि पूर्ण रचना यांत अंतर असते, आणि ते अंतर पार करण्याची प्रतिभा एलिंग्टन यांच्यापाशी होती. शिवाय त्या गीतांच्या उत्पन्नावरच एवढ्या मोठ्या संचाचा पगार भागत असे. पण ज्या तुकड्यामुळे लोक ते गाणे गुणगुणतात, तो तुकडा देणाऱ्याचे नाव कागदावर असायलाच हवे होते.

बिली स्ट्रेहॉर्न यांच्याशी त्यांचे नाते कसे होते?

स्ट्रेहॉर्न १९३९ मध्ये एलिंग्टन यांच्याकडे आले आणि हॉजेस यांच्या स्वरासाठी त्यांनी जे लिहिले, ते जाझमधील सर्वोत्तम एकल रचनांत गणले जाते. १९४० ची ‘डे ड्रीम’ आणि १९४१ ची ‘पॅशन फ्लॉवर’ यांपासून ही मालिका सुरू होते आणि ‘ब्लड काउंट’पाशी संपते. कर्करोगाने आजारी असलेल्या स्ट्रेहॉर्न यांनी ही अखेरची रचना रुग्णशय्येवर पूर्ण केली. ३१ मे १९६७ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी एलिंग्टन यांनी त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या ध्वनिमुद्रिकेत हॉजेस यांनी ती वाजवली. एरवी संयत असणारा त्यांचा अल्टो तिथे मध्येच जवळजवळ ओरडतो आणि मग पुन्हा आवाज खाली आणतो. ही चार मिनिटे घाईत ऐकू नयेत.

१९५१ मध्ये त्यांनी एलिंग्टन यांची साथ का सोडली?

महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद चालवणे परवडेनासे झाले होते. प्रवासखर्च वाढला, नृत्यगृहांची गर्दी ओसरली, श्रोत्यांची पसंती गायकांकडे वळली, आणि १९४६ च्या अखेरीस अनेक नामांकित नेत्यांनी आपले संच मोडले. एलिंग्टन टिकून राहिले, पण तंगी त्यांनाही होती. पैसा आणि श्रेय यांबाबतची हॉजेस यांची जुनी नाराजी होतीच. निर्माते नॉर्मन ग्रँझ यांनी पाठबळ दिल्यावर १९५१ च्या सुरुवातीस ते बाहेर पडले. ट्रॉम्बोनवादक लॉरेन्स ब्राउन आणि १९२० च्या दशकापासूनचे ढोलवादक सॉनी ग्रीर हेही त्यांच्याबरोबर गेले. एलिंग्टन यांनी प्रत्युत्तरादाखल ट्रम्पेटवादक हॅरी जेम्स यांच्या संचातून तीन वादक एकदम आणले.

हॉजेस यांच्या नव्या छोट्या संचाला ‘कॅसल रॉक’ या तबकडीने सुरुवातीलाच यश दिले. त्या तबकडीतला मुख्य एकल आवाज मात्र टेनरवादक अल सीअर्स यांचा होता आणि रचनाही त्यांचीच होती. गावोगावच्या मुक्कामांची व्यवस्था, वादकांचे पगार आणि कंत्राटे हे सारे हॉजेस यांच्या स्वभावाला मानवणारे नव्हते.

जॉन कोल्ट्रेन खरोखरच त्यांच्या संचात होते का?

होते. पुढे जाझमधील विख्यात सॅक्सोफोनवादक ठरलेल्या तरुण कोल्ट्रेन यांनी १९५४ मध्ये काही महिने हॉजेस यांच्याकडे टेनर वाजवला. व्यसनाधीनतेमुळे त्यांना तिथून जावे लागले. कोल्ट्रेन यांनी सुरुवात अल्टोवर केली होती आणि त्या वयात त्यांचा आदर्श हॉजेस हेच होते. पुढे कोल्ट्रेन यांचे संगीत पूर्णपणे वेगळ्या वाटेने गेले, तरी त्यांच्या संथ गीतांतील लांब, सरळ धरलेला स्वर ऐकताना ही शिकवणी आठवते.

ते परत केव्हा आले, आणि १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवाशी त्यांचा काय संबंध आहे?

१९५५ च्या ऑगस्टमध्ये ते एलिंग्टन यांच्याकडे परतले. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १९५६ रोजी, अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील जाझ महोत्सवात एलिंग्टन यांच्या संचाचे नशीब पालटले. टेनरवादक पॉल गोन्साल्विस यांनी ब्लूजची सलग सत्तावीस आवर्तने वाजवली आणि प्रेक्षक खुर्च्यांवर उभे राहून नाचू लागले. गर्दी हाताबाहेर जाईल अशी धास्ती आयोजकांना वाटू लागली, तेव्हा एलिंग्टन यांनी हॉजेस यांना पुढे बोलावले. आधी संथ गीत आणि मग ‘जीप्स ब्लूज’ वाजवून हॉजेस यांनी तो जमाव ताब्यात आणला. त्या रात्रीच्या कथेत गोन्साल्विस यांचे नाव रास्तच आधी येते, पण खवळलेल्या गर्दीला हळुवार स्वराने खाली बसवणे हे कामही तितकेच अवघड होते.

गोन्साल्विस हे आडनाव वाचून गोव्यातील वाचकांना कुतूहल वाटणे साहजिक आहे. त्यांचे कुटुंब मूळचे केप व्हर्दे बेटांवरचे होते. ती बेटेही पोर्तुगीज अमलाखाली होती, त्यामुळे हे आडनावसाम्य.

हॉजेस भारतात आले होते का? मुंबईशी त्यांचा काही संबंध आहे का?

होय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सप्टेंबर १९६३ मध्ये एलिंग्टन यांच्या संचाला मध्यपूर्व आणि दक्षिण आशियाच्या दौऱ्यावर पाठवले आणि त्यात हॉजेस होते. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, तरी संच त्यांच्याविना पुढच्या मुक्कामांना गेला. या दौऱ्यात मुंबईचाही मुक्काम होता. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतर दौरा तुर्कस्तानात आवरता घेण्यात आला. या प्रवासावर आधारलेल्या रचनामालिकेत हॉजेस यांच्या अल्टोसाठी असलेले ‘इस्फहान’ हे शिल्प आहे. इराणमधील शहराचे नाव त्याला नंतर मिळाले. स्ट्रेहॉर्न यांनी ते दौऱ्यापूर्वीच वेगळ्या नावाने लिहिले होते.

मुंबईला एलिंग्टन यांच्या संचाचा एक दूरचा दुवा त्याआधीही लाभला होता. रूडी जॅक्सन हे क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवादक हॉजेस यांच्या आगमनाच्या काही महिने आधी एलिंग्टन यांना सोडून गेले होते. १९३० च्या दशकाच्या मध्यास ते लिऑन अॅबी यांच्या संचातून भारतात आले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात या संचाने वाजवले, आणि अशा पाहुण्या वादकांना जवळून ऐकण्याची संधी शहरातल्या गोमंतकीय वादकांना मिळाली. त्याच पिढीतल्या गोमंतकीयांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचे विभाग सांभाळले.

त्यांची टोपणनावे कोणती होती?

‘रॅबिट’ म्हणजे ससा, हे सर्वांत प्रचलित. ते चपळ धावत म्हणून, किंवा कोशिंबिरीच्या पाल्याचे सँडविच खात म्हणून, असे दोन खुलासे दिले जातात. ‘जीप’ हे नाव वाहनावरून आलेले नाही. ते पॉपाय चित्रमालिकेतल्या एका अद्भुत प्राण्यावरून पडले.

मंचावर ते इतके निर्विकार का दिसत?

चित्रफितींत ते कंटाळल्यासारखे दिसतात, अशी तक्रार नवे श्रोते नेहमी करतात. ते सावकाश उठत, पुढे येत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता काळीज हलवणारे काहीतरी वाजवत आणि परत जाऊन बसत. जवळच्या लोकांनी त्यांचे वर्णन लाजाळू असे केले आहे. डोळे मिटून ऐकावे, म्हणजे ही तक्रार उरत नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी १९३८ ची ‘जीप्स ब्लूज’ ऐकावी आणि लगेच न्यूपोर्टमधील १९५६ चे वादन ऐकावे. अठरा वर्षांत काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे त्यातून कळते. मग १९४० ची ‘वॉर्म व्हॅली’, १९४३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये प्रथम सादर झालेल्या दीर्घ रचनेतील ‘कम संडे’ हा प्रार्थनेसारखा भाग, आणि ‘इस्फहान’. ‘ब्लड काउंट’ शेवटी ठेवावे.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

११ मे १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये दंतवैद्यांकडे गेले असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते बासष्ट वर्षांचे होते. आपला संच पुन्हा कधीही तसा वाजणार नाही, असे एलिंग्टन यांनी श्रद्धांजलीत लिहिले.

एलिंग्टन त्या वेळी न्यू ऑर्लीन्स शहरावरील रचनामालिका ध्वनिमुद्रित करीत होते आणि तिचा पहिला भाग एप्रिलमध्ये हॉजेस यांच्यासह पूर्णही झाला होता. उरलेल्या भागात सिडनी बेशे यांचे एक स्वरचित्र होते. त्यासाठी हॉजेस यांनी तीस वर्षांनंतर सोप्रानो पुन्हा हाती घ्यावा, असे एलिंग्टन यांच्या मनात होते. निधनानंतर दोनच दिवसांनी, १३ मे रोजी, संच त्या ध्वनिमुद्रणासाठी जमला आणि बेशे यांच्यासाठी लिहिलेला तो भाग पॉल गोन्साल्विस यांनी टेनरवर वाजवला.